क्वीनचे 'फेस इट अलोन': बँडनेच बाजूला ठेवलेले गाणे इतक्या वर्षांनी सिंगल म्हणून आणावे का?

सप्तसूर

नमस्कार मंडळी,

१३ ऑक्टोबर २०२२ रोजी क्वीन या ब्रिटिश रॉक बँडने 'फेस इट अलोन' हे गाणे सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमपासून वेगळे, सुटे गाणे म्हणून प्रसिद्ध केले. त्याचे मूळ ध्वनिमुद्रण १९८८ मधले, म्हणजे 'द मिरॅकल' या अल्बमची तयारी चालू होती त्या काळातले आहे. फ्रेडी मर्क्युरीचा आवाज, ब्रायन मेची गिटार, रॉजर टेलरचे ड्रम आणि जॉन डीकनचा बेस, असे चौघेही त्यात आहेत. अल्बम मे १९८९ मध्ये आला, परंतु हे गाणे त्यात नव्हते. पुढे २४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरी गेला, १९९७ नंतर डीकन संगीतातून निवृत्त झाला, आणि गाणे फितींवर तसेच पडून राहिले.

मी हे गाणे अनेकदा ऐकले आहे आणि ते मला फार आवडते. सुरुवातीला लांब घुमणारी गिटार, तिच्यामागे अगदी मोजके ठोके, आणि मग खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा येणारा मर्क्युरीचा आवाज. मृत्यूची चाहूल लागलेल्या माणसाने एकटेपणाविषयी गायलेले हे गाणे आहे, हे ऐकणाऱ्याला आज माहीत असते आणि त्यामुळे ते अधिकच लागते.

तरीही एक प्रश्न मनातून जात नाही. 'द मिरॅकल'साठी या मंडळींनी तीसच्या आसपास गाण्यांना हात घातला होता आणि त्यांतली दहा मूळ तबकडीवर घेतली. उरलेली त्यांनी समजून उमजून बाजूला ठेवली असणार, कारण क्वीनच्या स्टुडिओत एकेका ओळीवरून वाद होत असत आणि मनास न पटलेली गोष्ट हे चौघे सहसा बाहेर जाऊ देत नसत. अशा वेळी चौघांनी मिळून जे गाणे ठेवून दिले, ते चौघांपैकी दोघांनी चौतीस वर्षांनंतर बाहेर काढणे कितपत योग्य आहे? अभ्यासकांसाठी एखाद्या संग्रहात ते ठेवणे मी समजू शकतो. परंतु सिंगल म्हणून आणणे म्हणजे 'हे आमचे नवे गाणे आहे' असे जाहीरपणे सांगणे होय, आणि तसे सांगण्याचा अधिकार नेमका कशातून येतो, हे मला समजून घ्यायचे आहे.

जाणकारांनी आपले मत सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

जुनी तबकडी

धागाकर्त्यांनी प्रश्न नेमका मांडला आहे, परंतु त्यातल्या 'बाजूला ठेवले' या एका गोष्टीची फोड केल्याशिवाय उत्तर हाती लागणार नाही, असे मला वाटते. गाणे अल्बमबाहेर राहण्याची कारणे निरनिराळी असतात आणि क्वीनच्याच शेवटच्या वर्षांत त्यांची तीन अगदी वेगळी उदाहरणे सापडतात.

पहिले 'टू मच लव्ह विल किल यू'. हे गाणे ब्रायन मेने फ्रँक मस्कर आणि एलिझाबेथ लेमर्स या दोन बाहेरच्या गीतकारांबरोबर लिहिले होते. मर्क्युरीने ते गायले, ध्वनिमुद्रण झाले आणि 'द मिरॅकल'मध्ये त्याची जागाही ठरली होती. परंतु बाहेरच्या गीतकारांमुळे हक्कांचा प्रश्न उभा राहिला आणि गाणे ऐनवेळी गळाले. पुढे २० एप्रिल १९९२ रोजी वेम्ब्लीच्या श्रद्धांजली मैफलीत मेने ते स्वतः गायले, त्याच वर्षी आपल्या स्वतंत्र अल्बममध्येही घेतले, आणि मर्क्युरीच्या आवाजातले मूळ रूप लोकांना ऐकायला मिळाले ते १९९५ मध्ये, 'मेड इन हेवन' या अल्बमवर. १९९७ मध्ये या गाण्याला गीतलेखनासाठीचा आयव्हर नोव्हेलो पुरस्कार मिळाला. हे गाणे चौघांनी नापसंत केले होते, असे कोणीही म्हणणार नाही. त्याचे अडले होते ते करारमदारांत.

दुसरे 'मदर लव्ह'. मे १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील स्टुडिओत मर्क्युरीने ते गायले. तो तेव्हा इतका अशक्त झाला होता की उभे राहणेही कठीण जात होते. मेने पुढे अनेकदा सांगितले आहे की 'मला गाण्यासाठी काहीही लिहून द्या, मी गाऊन ठेवतो, उरलेले तुम्ही नंतर पूर्ण करा,' अशा अर्थाचे तो त्या महिन्यांत सांगत असे. 'मदर लव्ह'चे शेवटचे कडवे गायचे राहिले. विश्रांती घेऊन परत येतो, असे म्हणून तो गेला आणि त्या गाण्याकडे परत येणे झाले नाही. ते कडवे पुढे मेने गायले आहे. ऐकताना आवाज बदलतो ते स्पष्ट कळते आणि ते कळावे अशीच त्याची रचना आहे. मेने मर्क्युरीची नक्कल करण्याचा जराही प्रयत्न केलेला नाही. येथे तर गायकाचीच स्पष्ट इच्छा होती.

तिसरे 'फेस इट अलोन', आणि ते या दोहोंत बसत नाही. त्याला हक्कांची अडचण आली नव्हती आणि मागे ठेवून जाण्यासाठी म्हणूनही ते गायले गेले नव्हते. ते अपुरे राहिले, इतकेच. जून २०२२ मध्ये राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीच्या सत्तराव्या वर्षानिमित्त बकिंगहॅम राजवाड्यासमोर क्वीनचा कार्यक्रम झाला, त्या सुमारास बीबीसीवरील मुलाखतीत टेलर आणि मे यांनी या गाण्याची वाच्यता केली. मेच्या सांगण्याचा आशय असा होता की गाणे त्यांच्या डोळ्यांसमोरच होते, अनेकदा काढून पाहिले आणि दर वेळी 'हे काही वाचवता येणार नाही' असे वाटून परत ठेवले. तंत्रज्ञांनी नेट धरून तुकडे जुळवून दाखवले, तेव्हा कुठे ते उभे राहिले. म्हणजे इथे १९८८ मधल्या निर्णयाविरुद्ध जाणे घडलेलेच नाही. निर्णय झालाच नव्हता, काम अर्धे राहिले होते. चौघांनी ऐकून 'नको' म्हटलेले गाणे आणि चौघांना पुरे करायला सवड न मिळालेले गाणे, यांत मी मोठा फरक करतो.

सवड का मिळाली नाही, हेही ध्यानात घ्यावे. 'द मिरॅकल'चे काम १९८८ च्या आरंभी सुरू झाले आणि १९८९ च्या आरंभापर्यंत चालले. मर्क्युरीला एड्सचे निदान १९८७ मध्येच झाले होते, मेचा संसार त्याच काळात मोडत होता, आणि ९ ऑगस्ट १९८६ च्या नेबवर्थच्या कार्यक्रमानंतर चौघे एकत्र रंगमंचावर आले नव्हते. अशा वेळी तीस गाणी हाती घेतली तर वीस अर्धवट राहणारच, आणि त्यातही संथ, उघडेवाघडे गाणे मागे पडते, कारण त्या अल्बमचा एकूण नूर 'आय वॉन्ट इट ऑल' आणि 'ब्रेकथ्रू' यांसारख्या जोरकस गाण्यांनी ठरत गेला होता.

माझे आक्षेप असतील तर ते दुसऱ्याच गाण्यांबद्दल आहेत. 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' हे मर्क्युरीने १९८५ मध्ये आपल्या स्वतंत्र अल्बमवर संपूर्ण करून, आपल्या मनाजोगते सजवून प्रसिद्ध केले होते. १९९५ मध्ये उरलेल्या तिघांनी त्याचा आवाज तेवढा ठेवून भोवतालचे सगळे नव्याने वाजवले. मूळ गाणे नाचाचे होते, कीबोर्डवर उभे होते. नव्या रूपात त्याच्याभोवती गिटारची भिंत उभी राहिली. ते ऐकायला दमदार आहे आणि जपानात तर पुढे फार लोकप्रिय झाले. परंतु पूर्ण झालेल्या कामाचे रूप कर्त्याच्या पश्चात बदलणे हे अपुरे काम पुरे करण्यापेक्षा अधिक धाडसाचे आहे. धागाकर्त्यांचा प्रश्न तेथे विचारला गेला असता तर मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो.

---

आडवाट

'जुनी तबकडी' यांचे वर्गीकरण मला मान्य आहे, तरीही सिंगलचा मुद्दा त्यांच्या उत्तरातून निसटला आहे. 'फेस इट अलोन' ऑक्टोबरमध्ये आले आणि १८ नोव्हेंबर २०२२ रोजी 'द मिरॅकल'चा अनेक तबकड्यांचा महागडा संग्राहक-संच बाजारात आला. त्या संचाची दवंडी पिटण्याचे काम या सिंगलकडे होते, हे उघड आहे. त्यात बेकायदेशीर काही नाही, परंतु दिवंगत गायकाच्या सर्वांत हळव्या गाण्याकडून असे काम करून घ्यावे का, हा प्रश्न रास्त आहे.

दुसरे असे की हयात असलेल्यांच्या संमतीचे काय? जॉन डीकन १९९७ नंतर बँडबरोबर वाजवायला आलेला नाही आणि मुलाखती देत नाही. त्याने १९८८ मध्ये वाजवलेला बेस २०२२ मध्ये सिंगलवर येतो आणि त्यावर त्याचे जाहीर मत कोणी ऐकलेले नाही. बीटल्सच्या 'नाउ अँड देन'बाबतही मला हेच खटकते. १९९५ मध्ये पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार यांनी जॉन लेननच्या कॅसेटवरचे ते गाणे पुरे करण्याचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. हॅरिसनला ते पसंत नव्हते, हे मॅकार्टनीनेच सांगितलेले आहे. हॅरिसन २००१ मध्ये गेला आणि २ नोव्हेंबर २०२३ रोजी गाणे आले. त्याच्या पत्नीने आणि मुलाने त्याला मनापासून पाठिंबा दिला, हे खरे. तथापि ज्याने नकार दिला तो संमती द्यायला उरला नव्हता.

---

ध्वनिमुद्रक

मी मुंबईत ध्वनिमिश्रणाचे काम करतो, त्यामुळे या प्रश्नाकडे थोडे कामाच्या अंगाने पाहतो. 'जुने गाणे पुन्हा उभे केले' असे आपण एका दमात म्हणतो, पण 'नाउ अँड देन' आणि 'फेस इट अलोन' या दोन गाण्यांपुढच्या अडचणी एकमेकींच्या अगदी उलट होत्या आणि त्यामुळे त्यांवर झालेले संस्कारही वेगळे आहेत.

लेननने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमधील आपल्या घरी पियानोवर बसून साध्या कॅसेटवर गाणे गाऊन ठेवले. आवाज आणि पियानो एकाच फितीवर, एकमेकांत मिसळलेले, वर विजेची गुणगुण. आवाज वाढवावा तर पियानोही वाढतो. १९९५ मध्ये काम अडले त्यामागे हे एक मोठे कारण होते. पुढे चित्रपट-दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूने बीटल्सच्या माहितीपटासाठी मिसळलेले आवाज वेगळे करणारी संगणकीय पद्धत विकसित केली आणि तिने लेननचा आवाज पियानोपासून सोडवून घेतला. तिथे गाणे पूर्ण होते, आवाज अडकला होता.

क्वीनचे काम स्टुडिओतले, मल्टिट्रॅकवरचे. प्रत्येक वाद्याचा आणि आवाजाचा माग वेगळा असतो, त्यामुळे सोडवण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो गाणेच सलग नसण्याचा. अशा अर्धवट कामात काय काय असते ते सांगतो. गायकाने पहिले कडवे चार वेळा गायलेले असते, दुसऱ्याचे शब्द ठरलेले नसल्यामुळे तिथे नुसते स्वर धरलेले असतात, शेवटी एखादी ओळ अप्रतिम लागते आणि नेमके त्याच वेळी ड्रमवाला थांबलेला असतो. मेने याला तुकडे शिवणे म्हटले, ते अक्षरशः खरे आहे. गोधडी शिवताना जसे प्रत्येक कापडाचा ताण वेगळा असतो आणि एक जरी ओढून बसवले तरी शेजारचे चुरगळते, तसे इथे लयीचे होते. दोन वेगवेगळ्या वेळी गायलेल्या ओळींची गती किंचित निराळी असते. एक ओढून दुसरीला जुळवली की स्वराचा पोत बिघडतो.

सर्वांत नाजूक जागा असते श्वासाची. गायक ओळ सुरू करण्याआधी श्वास घेतो आणि तो श्वास पुढच्या ओळीच्या जोराप्रमाणे लहान-मोठा असतो. हळू ओळीच्या आधी मोठ्या ओळीचा श्वास राहून गेला, तर ऐकणाऱ्याला नेमके कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटे आहे हे त्याला जाणवते. श्वास साफ कापून टाकला तर त्याहून वाईट, कारण मग माणूस गात नाही, नुसते शब्द वाजतात. 'फेस इट अलोन' हेडफोनवर, रात्रीच्या शांततेत ऐका. खालच्या पट्टीतल्या ओळींत आवाजाची शेपटी विरत जाते आणि तिला पूर्ण विरू दिले आहे. पुढची ओळ घाईने आणलेली नाही. मधली पोकळी भरून काढण्यासाठी तंतुवाद्यांचा ताफा आणणे किंवा पार्श्वस्वरांचा पडदा टाकणे सहज शक्य होते, आणि ज्या बँडने एका गाण्यात दीडशेहून अधिक आवाज एकावर एक चढवले त्यांना तर ते डाव्या हाताचे काम होते. त्यांनी ते टाळले. मला या कामात सर्वांत अधिक भावते ते हेच, की गाण्याचा अपुरेपणा लपवण्याऐवजी त्यांनी त्यालाच गाण्याचा स्वभाव करून घेतला.

म्हणून 'आडवाट' यांच्या बाजारविषयीच्या आक्षेपाला माझे उत्तर असे आहे, की नुसती जाहिरात करायची असती तर याच तुकड्यांतून यापेक्षा कितीतरी चकचकीत, रेडिओवर चालेल असे गाणे उभे करता आले असते.

आता एक वेगळे उदाहरणही द्यावेसे वाटते. रोलिंग स्टोन्सचे 'स्टार्ट मी अप' आज त्यांच्या सर्वाधिक ओळखीच्या गाण्यांपैकी एक आहे, परंतु त्याचा जन्म टाकाऊ फितींतून झाला. १९७५ मध्ये म्युनिकला ते रेगे या जमैकन संगीताच्या ढंगात करून पाहिले होते, १९७८ मध्ये पॅरिसला 'सम गर्ल्स' या अल्बमच्या वेळी त्याचे रॉक रूप मुद्रित झाले, आणि बँडने तेही बाजूला ठेवले. १९८१ मध्ये दौऱ्याआधी अल्बम हवा होता आणि नवी गाणी करायला वेळ नव्हता, तेव्हा ध्वनिअभियंता ख्रिस किम्सी जुन्या फितींच्या ढिगात बसला आणि रेगेच्या अनेक प्रयत्नांमध्ये दडलेला तो रॉक प्रयोग त्याने हुडकून काढला. नव्याने गायन चढवले, न्यूयॉर्कमध्ये मिश्रण झाले, आणि गाणे अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. 'टॅटू यू' हा तो अल्बम जवळजवळ सगळा असाच जुन्या फितींतून उभा राहिला आहे. त्यातले 'वेटिंग ऑन अ फ्रेंड' तर १९७२ च्या जमैकातल्या ध्वनिमुद्रणापर्यंत मागे जाते आणि त्यावर १९८१ मध्ये सॉनी रोलिन्सचा सॅक्सोफोन चढवलेला आहे. बँडने स्वतः ठेवून दिलेले गाणे वाईटच असते, हे गृहीतक त्यामुळे मला पटत नाही. जवळून काम करणाऱ्यांना पुष्कळदा चांगले काय ते दिसत नाही. मात्र स्टोन्सची मंडळी हयात होती आणि मिक जॅगरला नव्याने गाता आले, हा फरक मोठा आहे आणि तो मी नाकारत नाही.

---

सप्तसूर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'निर्णय झालाच नव्हता, काम अर्धे राहिले होते' या मुद्द्याने माझ्या शंकेचा मोठा भाग मिटला आहे, आणि श्वासाविषयी वाचल्यावर मी गाणे पुन्हा लावले तेव्हा दुसऱ्या कडव्याआधीची जागा पहिल्यांदा लक्षपूर्वक ऐकली.

अधिकाराचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे असे मला वाटते. काम अपुरे होते हे मान्य केले, तरी ते पुरे करण्याचा अधिकार मे आणि टेलर यांचाच का? गाण्याचा मुख्य जीव मर्क्युरीच्या आवाजात आहे. मग हे त्याचे गाणे मानायचे की बँडचे?

---

कृष्णाकाठ

मी वाईचा रहिवासी आहे. पाचगणी घाट चढला की आलीच, त्यामुळे मर्क्युरीविषयी आमच्या भागातील लोकांना एक आपुलकी वाटते आणि ती लपवण्याचे कारण नाही. झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेला फारुख बलसारा आठ वर्षांचा असताना पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला, तिथे पियानो शिकला आणि १९५८ च्या सुमारास शाळेतल्या चार मित्रांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' हा पहिला बँड काढला. शाळेच्या कार्यक्रमांत ही मुले त्या काळची गाजलेली पाश्चात्त्य गाणी वाजवत. त्या बँडमध्ये तो पुढे उभा राहून गाणारा नव्हता, पियानोवर बसणारा होता. मी हे मुद्दाम लिहितो, कारण आपण आज त्याला केवळ 'आवाज' म्हणून ओळखतो आणि त्यामुळे गाणे त्याच्या एकट्याचे असे वाटू लागते. त्याची घडण इतरांबरोबर वाजवण्यातून झाली होती, आणि १९७० पासून क्वीनमध्येही त्याने गाणी आणली ती बाकी तिघांच्या हाती सोपवून, त्यांच्याशी भांडून, त्यांच्याकडून बदलून घेऊनच.

अधिकाराच्या प्रश्नाचे उत्तर मला 'द मिरॅकल'च्या श्रेयनामावलीतच दिसते. त्याआधीच्या अल्बमवर प्रत्येक गाण्याखाली त्या त्या रचनाकाराचे नाव असे. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' मर्क्युरीचे, 'वी विल रॉक यू' मेचे, 'अनदर वन बाइट्स द डस्ट' डीकनचे, 'रेडिओ गा गा' टेलरचे. यावरून हेवेदावे होत, कारण सिंगल कोणाचे निघाले यावर मानधनाचा वाटा ठरत असे, आणि सिंगलच्या मागच्या बाजूला ज्याचे गाणे जाई त्यालाही तितकाच पैसा मिळत असे. 'द मिरॅकल'च्या वेळी चौघांनी ठरवले की यापुढे मूळ कल्पना कोणाचीही असो, गाण्याखाली 'क्वीन' एवढेच नाव लागेल. त्या अल्बमचे मुखपृष्ठही आठवावे. चौघांचे चेहरे संगणकावर एकात एक मिसळून एकच सलग चेहरा केलेला आहे, ज्यात एकाचा डोळा कुठे संपतो आणि दुसऱ्याचा कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही. आजारपणाची सावली पडलेली असताना त्यांनी जाणीवपूर्वक घेतलेला हा निर्णय होता, आणि 'फेस इट अलोन' त्याच निर्णयाच्या छायेत, त्याच महिन्यांत मुद्रित झाले आहे. मग ते बँडचे गाणे आहे आणि ते पुरे करण्याची जबाबदारी बँडमध्ये उरलेल्यांवर येते, असे म्हणायला मला अडचण वाटत नाही.

डीकनविषयी 'आडवाट' यांनी लिहिले आहे त्याबद्दल एवढेच, की मे आणि टेलर यांनी वेळोवेळी सांगितले आहे की बँडच्या व्यवहारांत तो आजही भागीदार आहे आणि महत्त्वाच्या गोष्टी त्याच्यापर्यंत जातात. त्याचे मौन हे त्याने स्वतः निवडलेले मौन आहे आणि त्याचा अर्थ विरोध असा लावणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. गाणे प्रसिद्ध झाले तेव्हा मेने आवर्जून सांगितले की यात आम्ही चौघे आहोत, डीकनही आहे. बऱ्याच वर्षांत वापरायला न मिळालेली ती 'चौघे' ही संख्या त्याला किती मोलाची वाटत असेल, याची आपण कल्पना करू शकतो.

---

आडवाट

संयुक्त श्रेयाचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता आणि तो वजनदार आहे. 'नाउ अँड देन'विषयीचे माझे मत मी बदलत नाही, कारण तिथे नकार होता. 'फेस इट अलोन'विषयी मात्र माझा आक्षेप आता केवळ विक्रीच्या वेळापत्रकापुरता उरतो.

---

जुनी तबकडी

त्या वेळापत्रकाविषयी थोडेसे आणि एक सूचना. ज्या संचाची जाहिरात म्हणून हे सिंगल आले असे म्हटले गेले, त्यात एक संपूर्ण तबकडी 'द मिरॅकल'च्या काळातल्या कच्च्या ध्वनिमुद्रणांची आहे, आणि दुसऱ्या एका तबकडीवर 'टू मच लव्ह विल किल यू' १९८९ मध्ये जिथे असायला हवे होते तिथे परत बसवून मूळ अल्बम जसा ठरला होता तसा दिलेला आहे. आधी लिहिलेल्या तीन प्रकारांपैकी दोन एकाच संचात शेजारी शेजारी मिळतात. अशा कामाला खर्च येतो आणि तो काही अंशी सिंगलमधून निघणार, हे मला गैर वाटत नाही.

सप्तसूर, आपण गाणे सुटे ऐकत असाल तर एकदा ती कच्च्या ध्वनिमुद्रणांची तबकडी सलग ऐकावी. तिच्यात गाण्यांच्या अधेमधे चौघांचे स्टुडिओतले बोलणे राहू दिले आहे. थट्टा आहे, कुरबुर आहे, 'पुन्हा एकदा घेऊ' आहे. त्या गडबडीत, बाकीच्या अपुऱ्या गाण्यांच्या रांगेत 'फेस इट अलोन' येते तेव्हा ते निरोपाचे गाणे वाटत नाही. ज्या बँडपुढे अजून 'इन्युएंडो'सारखा अल्बम करायचा बाकी होता, त्या बँडच्या कामातला तो एक चालू दिवस वाटतो, आणि मला ते गाणे तसेच ऐकायला अधिक आवडते.